चामडं सुईबरोबर वर येत होतं

चामडं शिवायचं मशीन मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घरी आलं. टेम्पोतून उतरवायला चौघं लागले. आत घेताना उंबऱ्याचा एक टवका उडाला, तो अजून तसाच आहे. आप्पा खाटेवर बसून नुसते बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी भोकं पाडायची आरी, चामडं कापायची रापी आणि दोन सुया एवढ्यावर घर चालवलेलं. त्यांच्यासमोर लोखंडाचं हे धूड आणून ठेवताना माझ्याच छातीत धडधडत होतं.

आमचं गाव निपाणीपासून जवळ. घरात कापशी चपला, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, होतात, शिवाय बैलांचे घुंगरपट्टे, म्होरक्या, माणसांचे कंबरपट्टे. चपलेला मशीन लावायचा विचार कधीच नव्हता, आजही नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्यात आमचा बेळगाव जिल्हा आहे. ती चप्पल चामड्याच्याच वादीनं, हातानं शिवायची. आई वेणी घालते, आप्पा तळ शिवतात, ते तसंच राहणार. मशीन हवं होतं पट्ट्यांसाठी.

सीमाभागात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा येतो. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे कारहुणवी, आणि पुढं आषाढात महाराष्ट्री. दोन्हींच्या आधी संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लजचे दुकानदार पट्टे मागतात. घुंगरपट्टा म्हणजे चामड्याचे दोन थर, वरचा कडक, खालचा मऊ, मिळून आठ मिलिमीटर. एक जोडी हातानं शिवायला आप्पांना दीड दिवस लागतो, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा खांदा धड वर जात नाही. या खेपेला ३० जोड्यांची मागणी होती. हिशेब कुणालाही कळेल असा होता.

घेतलं ते ४४१ जातीचं मशीन. जपानच्या जुकी कंपनीच्या टीएससी-४४१ या मशीनच्या घडणीवरून चीनमध्ये जी मशीन बनतात, त्यांतलं एक, आणि तेही जुनं, दुसऱ्या हातचं. घरात शिंप्याचं मशीन वापरलेल्या माणसाला हे बघून बुचकळ्यात पडल्यासारखं होतं. याला सपाट टेबल नसतं, नळकांड्यासारखा हात असतो, त्यामुळं पट्टा, पिशवी, काहीही त्याच्याभोवती फिरवता येतं. चामडं नुसत्या खालच्या दातांनी पुढं सरकत नाही. सुई चामड्यात रुतलेली असतानाच सुई, चामडं दाबणाऱ्या दोन पायांपैकी आतला पाय आणि खालचे दात असे तिघं मिळून एकदम पुढं जातात, तोवर बाहेरचा पाय उचललेला असतो. मग तो खाली येऊन चामडं धरतो आणि आतला मागं येतो. माणूस चालतो तसंच. आणि शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन धरणारा भाग, गोल गरगरत नाही, पाळण्यासारखं पुढं-मागं झुलतं. जाड दोऱ्याला हे मानवतं.

बसवण्याचं काम मी सोपं समजले होते. त्यात दहा दिवस गेले.

पहिली अडचण जमिनीची. आमच्या ओसरीची शहाबादी फरशी वरखाली आहे, त्यामुळं स्टँडचा एक पाय अधांतरी. मशीन चालवलं की सगळं टेबल थरथरायचं आणि बॉबिन केसची झडप आपोआप सैल व्हायची. शेवटी एका पायाखाली टायरच्या रबराचा तुकडा कापून घातला, चारी पायांखाली तसेच घातले, आणि पाण्याची पातळी धरून सरळ केलं. अर्थिंगची तारही तेव्हाच नवी ओढून घेतली. आमच्याकडं जून-जुलैत भिंतींना हात लावला तर ओल लागते. अशा घरात लोखंडाच्या मशीनला अर्थिंग नसणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी अडचण तेलाची. चाक हातानं फिरवलं तर मध्येच जड जायचं. वरची झाकणं काढली तेव्हा आत पिवळट मेण साचल्यासारखं दिसलं, आणि वास खोबरेलाचा. हे आमच्या भागात सर्रास करतात, घरात तेल आहे ना, मग घाल. खोबरेल थंडीत गोठतं, उन्हाळ्यात पातळ होऊन कचरा धरतं, आणि पुढं त्याचा चिकट थर बसतो. मशीनला मशीनचंच पातळ, पांढरं, बिनवासाचं तेल लागतं. रॉकेल मिळवायलाच दोन दिवस गेले. मग प्रत्येक भोकात रॉकेल सोडायचं, चाक हातानं फिरवायचं, काळं पाणी गळू द्यायचं, पुन्हा सोडायचं. तिसऱ्या रात्री चाक एका बोटानं फिरायला लागलं. त्यानंतर रॉकेल पूर्ण पुसून सगळीकडं मशीनचं तेल दिलं. रॉकेल आत राहिलं तर पहिलं तेलही धुवून नेतं, म्हणून इथं घाई करायची नाही.

तिसरी अडचण मोटरची, आणि पैसे गेले ते इथं. मशीनबरोबर जुनी क्लच मोटर आली होती, अर्ध्या हॉर्सपॉवरची, मिनिटाला १४४० फेरे. ती बटण दाबल्यापासून गरगरत राहते, पायपट्टी दाबली की क्लच धरतो. सराव असलेला माणूस तिच्यावर संथ शिवू शकतो. मी पाय ठेवला की सात-आठ टाके धडाधड पडून जायचे, आणि पट्ट्याच्या टोकाशी, जिथं वळायचं असतं, तिथं ते सात-आठ टाके म्हणजे वाया गेलेलं चामडं. मी ती काढून ७५० वॅटची सर्व्हो मोटर, म्हणजे पायपट्टी दाबली तेवढीच फिरणारी, बसवली आणि मोटर व मशीन यांच्यामध्ये लहान-मोठ्या पुल्यांची एक जोडी घातली. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्यांची कमी नाही, एका कारागिरानं एकास तीन या मापात ती जोडी करून दिली. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि जोर तिप्पट झाला. आता मी एक टाका घालून थांबू शकते. सर्व्हो लावल्यावर चाक आधी उलटं फिरायला लागलं; शिवताना चाकाचा वरचा भाग आपल्याकडं यायला हवा. मोटरवरचा दिशेचा खटका बदलला आणि ते जागेवर आलं. जाड कामासाठी मशीन घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की मोटरमध्ये काटकसर करू नका.

मग पहिला टाका घातला. चार मिलिमीटरच्या एकेरी चामड्यावर सुंदर शिवण आली, मोत्याची ओळ जणू. आईनं बोट फिरवून बघितलं. संध्याकाळी मी पट्ट्याचे दोन थर चिकटवून मशीनखाली घातले, आणि चौथा टाका सुटला. पुढं सातवा. मग दहावा-अकरावा सलग. वर दोरा नुसता आडवा पडलेला, खाली काहीच नाही.

आता मी जे केलं ते नीट सांगते, कारण असंच आणखी कुणी करत असेल. टाका सुटतो म्हणजे शटलच्या हुकाला सुईचा दोरा मिळत नाही, म्हणजे टायमिंग, सुई आणि हुक यांचा मेळ, बिघडलंय, असं मी ठरवून टाकलं. मोबाईलवर बघून शटल चालवणाऱ्या दांड्याचे स्क्रू सैल केले आणि हुक पुढं-मागं करून बघितला. पहिल्या दिवशी टाके जास्त सुटायला लागले. दुसऱ्या दिवशी सुई हुकावर आदळून तुटली, तिचा तुकडा माझ्या गालाला लागून गेला. डोळ्याला लागला असता. तेव्हापासून मी चष्म्याशिवाय मशीनवर बसत नाही, आणि घरातल्या कुणाला बसू देत नाही. आठवडाभर मी स्क्रू फिरवत होते, सहा सुया मोडल्या, आणि जे चार मिलिमीटरवर नीट चालत होतं तेही बंद पडलं. बेंदूर बारा दिवसांवर आला होता. आप्पांनी एका रात्री न बोलता दोन सुया मेणावरून ओढल्या आणि पट्टा मांडीत धरून हातानं शिवायला घेतला. तो खांदा घेऊन. मला ते बघवत नव्हतं.

उद्यमबागेतल्या त्या पुलीवाल्यानंच एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. मातृभाषा कन्नड, मराठी आमच्यासारखीच बोलतात. कोल्हापूरला जाता जाता बसमधून उतरून घरी आले. मी धडाधड सगळं सांगायला लागले तर म्हणाले, "निधान, तंगी, निधान." म्हणजे सावकाश, बहिणी. त्यांनी आधी टायमिंगकडं बघितलंच नाही. दोन थरांचा पट्टा सुईखाली घातला, पाय खाली सोडला, मोटर बंद ठेवली आणि मला म्हणाले, "डोकं खाली घाल. टेबलाच्या उंचीला डोळा आण. आता पायाच्या तळाशी बघ." आणि चाक हातानं हळूहळू फिरवलं.

सुई खाली गेली. तळाला पोचली. वर निघाली, आणि तिच्याबरोबर चामडंही वर आलं. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढं. पायानं ते दाबून धरायला हवं होतं, पाय स्वतःच उचलला जात होता.

"दिसलं?" म्हणाले. "स्क्रूला हात लावायच्या आधी डोळ्यानं बघायचं."

शिवण कशी होते ते मला माहीत होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सुई तळाला जाऊन वर फिरते तेव्हा तिच्यामागचा दोरा चामड्यात अडकून जागेवर राहतो. सुई वर निघाली, दोरा राहिला, म्हणून सुईच्या मागच्या खळग्यापाशी दोऱ्याचा छोटा फुगा होतो. हुकाचं टोक त्या फुग्यात शिरतं आणि दोरा ओढून बॉबिनभोवती नेतं. आता चामडंच सुईबरोबर वर आलं तर दोराही वर येतो, फुगा होत नाही, आणि हुक रिकाम्या हवेतून जातो. टायमिंग अगदी बरोबर असलं तरी टाका सुटणारच. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं आमचं चामडं सुईला घट्ट धरतं, म्हणून पातळ कामात न दिसलेला दोष जाड कामात उघडा पडला.

कारणं निघाली ती तीन, आणि तिन्ही साधी. मशीनच्या आधीच्या मालकानं त्यावर ताडपत्रीचं काम केलेलं, त्यामुळं पायाच्या दाबाचा स्प्रिंग अगदी सैल ठेवलेला. दुसरं, माझ्या सुया कापडाच्या, गोल टोकाच्या. गोल टोक धागे बाजूला सारून आत जातं, कापडात ते चालतं. चामड्यात बाजूला सारायला धागेच नसतात. चामड्याच्या सुईचं टोक धारेचं असतं, ते कापत जातं. या मशीनला ७९४ जातीची सुई लागते, डीवायएक्स३ असंही पाकिटावर लिहिलेलं असतं. मी २०७ नंबरचा बॉन्डेड नायलॉन दोरा २३ नंबरच्या सुईत घातला होता; त्याला २४ हवी, म्हणजे १८० मापाची. बारीक नेढ्यात दोरा घासतो, त्याचा पीळ उकलतो. तिसरं कारण माझ्या घाईचं. थर चिकटवताना लावलेलं सोल्युशन वाळायच्या आत मी शिवायला घेत होते. सुईला ते लागून तिच्यावर गोंदाचा थर चढायचा आणि चामडं तिला आणखीच धरायचं.

दाब वाढवताना मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली. झाडांच्या सालीपाल्यात कमावलेल्या चामड्यावर वळ लगेच उठतात. दाब जास्त झाला की शिवणीच्या दोन्ही बाजूंनी पायाचे ठसे राहतात आणि ते पुढं घासूनही जात नाहीत. म्हणून स्क्रू अर्धा फेरा आवळायचा, चाक हातानं फिरवून चामडं उचलतंय का बघायचं, पुन्हा अर्धा फेरा. चामडं उचलायचं थांबलं की तिथंच सोडायचं. पायाच्या तळाच्या धारदार कडा त्यांनी बारीक पॉलिश पेपरनं गोल करून दिल्या.

मी बिघडवलेलं टायमिंग मग परत बसवलं. सुया आदळून हुकाच्या टोकाला कुसळ आलं होतं, नखाला लागेल एवढं. तेही बारीक पेपरनं, तेल लावून, काढलं. कानस लावायची नाही, टोकाचा आकार गेला तर हुक फेकून द्यावा लागतो. सुई शेवटपर्यंत वर सारून बसवली, तिची लांब खाच दोरा शिरतो त्या बाजूला, खळगा हुकाकडं. चाक आपल्याकडं फिरवत सुई तळाला नेली, आणि वर निघू दिली. हुकाचं टोक सुईच्या मध्यावर येईल तेव्हा ते नेढ्याच्या किंचित वर, खळग्यात असायला हवं, आणि सुई व टोक यांच्यात वहीच्या पानाएवढी फट. सुईला टेकायचं नाही, लांबही राहायचं नाही. स्क्रू आवळताना हुक केसभर सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघायचं. तीनदा करावं लागलं. बरोबर बसल्यावर मी दांड्यावर आणि कॉलरवर मिळून नेलपॉलिशची एक लाल रेघ मारून ठेवली. पुढं कधी कुणी हात लावला तर मूळ जागा कुठली ते कळेल.

राहिला दोऱ्याचा ताण. आप्पांनी त्यात मदत केली, आणि त्यांची रीत मला कुठं बघायला मिळाली नव्हती. टाकाऊ तुकड्यावर वितभर शिवण मारायची आणि रापीनं बरोबर शिवणीवरून चामडं उभं कापायचं. मग आतला दोरा कडेनं दिसतो. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतो ती गाठ कुठं बसलीय ते डोळ्यासमोर येतं. आमची गाठ खालच्या पृष्ठभागाला टेकली होती, म्हणजे वरचा ताण कमी. बॉबिनचा ताण आधी ठरवला: दोरा ओढला तर सलग, न अडखळता निघावा, पण सैल सुटू नये. मग वरचा आवळत गेले, दर खेपेला नवा तुकडा, नवा काप. पाचव्या तुकड्यात गाठ मधोमध आली. आप्पांनी तो तुकडा खिशात ठेवला.

कारहुणवीपर्यंत २२ जोड्या गेल्या. आठ राहिल्या, त्या दुकानदारांना हात जोडून आषाढात देते म्हणून सांगितलं.

एका बाबतीत आप्पा अडून बसले आणि मला ते पटलं. बकल जिथं बसतं तिथं मशीनचा टाका चालणार नाही म्हणाले. हातानं दोन सुयांनी शिवलं की दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून आरपार जातात, एक तुटलं तरी दुसरं धरून ठेवतं. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा वर आणि खालचा खाली, मधल्या गाठीवर सगळा भरवसा; एक घासून तुटला की शेजारचे टाके सैल व्हायला लागतात. भडकलेला बैल हिसका देतो तो बकलावरच. म्हणून लांब कडा मशीनवर, आणि बकलाजवळचे आठ-दहा टाके आप्पांच्या हातचे. तेवढ्याला त्यांचा खांदा साथ देतो.

देखभालीला फार वेळ लागत नाही, पण ती चुकवायची नाही. सकाळी शिवायच्या आधी शटलच्या घरात दोन थेंब तेल, हे रोज, कारण सगळ्यात जास्त घासतं ते तिथंच. बाकीच्या लाल खुणांच्या भोकांत दोन-तीन दिवसांआड. तेल दिल्यावर दोरा काढून, पाय उचलून मिनिटभर संथ चालवते आणि मग टाकाऊ तुकड्यावर शिवते, म्हणजे जादा तेल त्यात निघून जातं, गिऱ्हाइकाच्या पट्ट्यावर डाग पडत नाही. संध्याकाळी प्लेट उघडून चामड्याचा भुसा आणि दोऱ्याचं पिंजण दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढते. फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ आत जाते. सुई बोथट झाली की कानाला कळतं. चामड्यात शिरताना टक असा आवाज यायला लागतो. तेव्हा बदलायची, मोडायची वाट बघायची नाही. या सुया इथं मिळत नाहीत, मुंबईहून कुरिअरनं येतात, म्हणून दहाचं एक पाकीट कायम शिल्लक ठेवते.

पावसाळ्यात वेगळी काळजी लागते. एकदा झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नसतं, आणि सुईदांड्यावर एका रात्रीत तांबूस धूर चढतो. काम नसलं तरी रोज पाच मिनिटं मशीन चालवते, दांडा आणि पाय तेलाच्या फडक्यानं पुसते. वर प्लॅस्टिक टाकत नाही, त्याखाली घाम धरतो; आईचं जुनं सुती लुगडं दुहेरी करून घालते. मशीनवर चामडं ठेवून कधी जात नाही, कारण ओलं चामडं लोखंडाला टेकलं की दोघांवरही काळा डाग पडतो आणि तो निघत नाही.

काल मिस्त्रींचा फोन आला होता, मशीन कसं चाललंय विचारायला. मी म्हटलं, कालपासून डावीकडं बारीक खरखर येतेय. म्हणाले, "स्क्रू सोडवलास?" मी म्हटलं, नाही, आधी बघितलं. बॉबिन केसखाली दोऱ्याचा एक तुकडा गुंडाळला गेला होता, चिमट्यानं काढला. आता आषाढातल्या राहिलेल्या आठ जोड्या घ्यायच्या आहेत, आणि आप्पांनी त्यांच्या बकलांची चामडी कालच भिजत घातली आहेत.